बेटातली घाटी

१

"गाडी थांबवा! आवं, थांबवा म्हन्ते न्हवं! माझी घाटी न्हाई ह्यात!"

धनाजी ड्रायव्हरने ब्रेक असा करकचून दाबला, की काचेवरची लिंबू-मिरची आपटली आणि मागच्या बाकांवर पेंगणारी मंडळी दचकून उठली. ओरडणाऱ्या रंगुबाईंच्या मांडीवर त्यांचं गाठोडं उघडं पडलं होतं. आत एक धुवट लुगडं, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि गळ्यात बांधायच्या पितळी घाटीच्या जागी नदीतला गुळगुळीत गोटा.

शेजारी बसलेल्या सुलाबाईंनी तो गोटा हातात घेऊन पाहिला. जेवायला उतरले होते तिथे असले गोटे पायलीला पन्नास पडले होते. गोट्यावरून चोर ओळखता येणार नव्हता. एवढंच कळत होतं, की ज्याने घाटी नेली त्याला गाठोडं हलकं लागू द्यायचं नव्हतं.

"शांत व्हा मंडळी, कृपया शांत व्हा!" पुढे गाईड ऋषिराजने माईक तोंडाशी धरला. साताऱ्यात वाढलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला हा तरुण पुस्तकातल्यासारखं बोलायचा. "आपली एखादी वस्तू गहाळ झाली असल्यास ती नक्की सापडेल. कुणीही घाबरून जाऊ नये."

सकाळपासून नुसता खरखरणारा तो माईक आता स्वच्छ बोलत होता. सुलाबाईंच्या मनाने तेवढं टिपून ठेवलं. का ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

"घाबरू नको म्हन्तो!" रंगुबाई उसळल्या. "लेकरा, ती घाटी माझ्या बाशिंग्याची हाय. आज सांजपत्तूर माझ्या दिराच्या हातात पडली न्हाई, तर उद्या सकाळी बाशिंग्या खाटकाच्या टेंपोत जातोय!"

गाडीत कुणालाच काही उमगेना. मग सुलाबाईंनी रंगुबाईंना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा. मधलं काही गाळू नका."

रंगुबाई माणदेशातल्या धनगर. मुलांनी आता शेती धरली होती, पण त्यांचा नवरा गुंडा शेवटपर्यंत मेंढरांमागे फिरला. बाशिंग्या हा त्याच्या कळपाचा म्होरक्या मेंढा. कपाळावर पांढरा पट्टा, म्हणून ते नाव. त्याच्या गळ्यातली घाटी वाजली की सगळा कळप तिच्या मागे चालायचा. गुंडा गेला त्या दिवशी रंगुबाईंनी ती घाटी सोडून घेतली.

"ऐकवंना बाई. तिचा आवाज झाला की वाटायचं, मालक आलं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "मेंढरं दिराच्या, भाऊसोच्या कळपात दिली. पर घाटीबिगर बाशिंग्या म्होरं हुईना आन् मेंढरं त्याच्या मागं जाईनात. रस्त्यावर नुसती फाकत्यात. भाऊसोचा मेंढरांचा वाडा म्हसोबाच्या बेटाजवळ रानात बसलाय. उद्या तो गावाकडं निघतोय. काल फोनवर म्हनला, वैनी, घाटी आणा, न्हाईतर असला मेंढा मी वाटंनं सांभाळू शकत न्हाई. ही गाडी शेवटाला त्याच बेटाला जाती, म्हणून तर ह्यात बसले."

म्हसोबाचं बेट हेच सहलीचं शेवटचं ठिकाण होतं. ऊन कलायला लागलं होतं.

"गाडीत शोधू या," मागून कुणीतरी म्हणालं.

पिशव्या उघडल्या, बाकांखाली वाकून पाहिलं, वरच्या फळ्या चाचपल्या. घाटी गाडीत नव्हती.

२

सुलाबाईंनी माधवनगरच्या प्राथमिक शाळेत उभा जन्म शिकवलं होतं. वर्गात पेन्सिल हरवली की त्या "कुणी घेतली?" असं कधी विचारत नसत. त्याला सगळी मुलं एकच उत्तर देतात. त्या विचारायच्या, "कुणाला हवी होती?" मग मुलं विचार करायला लागत, आणि एखादा आपोआप मान खाली घाली. शिरवळला लेकीकडे महिनाभर राहून त्या घरी निघाल्या होत्या. साताऱ्याहून सांगलीपर्यंत जायचंच आहे, तर नदीची बेटं बघत जाऊ, म्हणून या सहलीत बसल्या होत्या.

बसच्या अंगावर मोठा फलक होता: "सप्तबेट दर्शन. कृष्णामाईच्या कुशीतली सात बेटं एका दिवसात. जेवण, चहा व तज्ज्ञ मार्गदर्शक."

सकाळपासून काय दिसलं होतं? पहिलं बेट काठाला मिळून गेलेलं, आणि त्यावर वीटभट्टी धुरत होती. दुसरं पुलावरून दाखवलं, तेही गाडी न थांबवता. तिसऱ्याला कुंपण. बोटीतून फेरी मिळणार होती, पण ती बोट वाळूत पालथी घालून तिच्यावर कुणीतरी गोधड्या वाळत टाकल्या होत्या. चौथं, पाचवं आणि सहावं ऋषिराजने परस्पर गाळलं. विचारलं, तर म्हणे वाटेचं काम चालू आहे.

प्रत्येक ठिकाणी त्याची कथा मात्र एकच. बेटावरच्या देवळाची घंटा महापुरात बुडाली आणि अजून निर्मळ मनाच्या माणसाला तिचा नाद ऐकू येतो. राजाचं नाव तेवढं दर वेळी बदलायचं.

"अहो, मघाशी घंटा पहिल्या बेटाची होती ना?" पुण्याहून बायकोसह आलेला पृथ्वीराज ओरडला होता. मूळ घर वाळव्याकडचं, पण जन्म पुण्यातलाच. सारा वेळ मोबाईलवर चित्रण चालू. "सगळं टाकणार आहे मी. लोकांना कळू दे, कसली फसवणूक आहे ही!"

ऋषिराजचा चेहरा तेव्हा पडला होता. सहलीचे मालक उदयसिंह यांचा फोन येऊन गेला होता. पलीकडचं बोलणं कुणाला ऐकू आलं नव्हतं. "हो साहेब, शेवटची संधी, हो," एवढंच ऐकू आलं होतं.

घाटीही तेव्हाच गाजली होती. खड्ड्यात गाडी आपटली की गाठोड्यातून टणण् टणण् आवाज यायचा. ऋषिराज कौतुकाने म्हणाला होता, "काय गोड नाद आहे, आजी!" पृथ्वीराजची बायको शिवांजली मात्र वैतागली होती. म्हणून रंगुबाईंनी जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी फाडली, घाटीच्या आत लोंबणाऱ्या लोळीला गच्च गुंडाळली आणि घाटी मुकी केली. शिवांजलीने ती हातात घेऊन पाहिली आणि चिडचिड विसरून म्हणाली, "जुनी आहे ना? आमच्या दिवाणखान्यात काय दिसेल! देता का?"

"देवाची मूर्ती मागाल उद्या," रंगुबाई म्हणाल्या होत्या.

नदीकाठी जेवायला उतरले तेव्हा गाडी उघडीच होती. सुलाबाईंनी आता एकेकाला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी टोपी घ्यायला आले होते गाडीत," शिवांजली म्हणाली. लगेच तिचा आवाज चढला. "माझ्यावर संशय घेताय का? मी मागितली होती, चोरली नाही. माझी पर्स पाहिलीत ना सगळ्यांनी?"

"मी चार्जर घ्यायला," पृथ्वीराज म्हणाला.

"मी माईकचे सेल बदलायला आलो होतो," ऋषिराज म्हणाला.

"आनि जयराज माझं ताट घिऊन आलता," धनाजी म्हणाला. जयराज म्हणजे म्हसोबाच्या बेटाजवळच्या गावातला आचारी. जेवण त्याने मोटरसायकलवर डबे लादून आणलं होतं. पिठलं गार, भात त्याहून गार. रिकामे डबे घेऊन तो शेवटच्या ठिकाणी चहा करायला पुढे गेला होता. "मी मागल्या शिटावर जरा पडलो हुतो, बाई. डोळा लागला."

सुलाबाई ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर होत्या. सकाळपासून त्यांची आणि धनाजीची चांगली गट्टी जमली होती. रस्त्याकडेचा ऊस दिसला की तो स्टिअरिंगवरचा एक हात सोडून दाखवायचा, "बघा बाई, बेट कसं फुटलंय. पाणी मिळालं तर एकेका बेटाला धा-बारा ऊस." धनाजी कासेगावकडचा, घरचा ऊस असलेला. डोळे खऱ्या माणसाचे. पण डोळ्यांवर किती विसंबायचं?

"ह्याला काय विचारताय?" एकदम पृथ्वीराज उठला. "जेवणानंतर हा गाडीमागे फोनवर कुजबुजत होता. मी कानांनी ऐकलंय. म्हणाला, ‘बेटात ठिवलंय. पाल्याखाली. कुणाला दिसायचं न्हाई. सांजच्याला काढ.’"

सगळी गाडी धनाजीकडे वळून पाहू लागली. त्याची मान लालबुंद झाली होती.

३

"आरं, ते आमच्या घरचं हाय!" धनाजी कसाबसा म्हणाला.

"घरचं? बेटात?"

"व्हय, बेटात! मग काय डोक्यावर ठिवू?"

"ऐकलंत? कबूल करतोय!"

एकच कालवा उठला. जो तो बोलतोय, ऐकत कुणी नाही. कुणी म्हणालं, ड्रायव्हर लोकांचं असंच असतं. कुणी म्हणालं, जुन्या पितळेला बाजार आहे. धनाजी अभिमानी गडी होता. एकदा चोर म्हटल्यावर पुढे खुलासा करणं त्याला अपमानाचं वाटलं असावं. त्याने गाडी चालू केली आणि म्हसोबाच्या बेटापर्यंत तोंड उघडलं नाही.

तिकडे पृथ्वीराजने उदयसिंहना फोन लावून सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. पलीकडून जाड आवाज आला, "ड्रायव्हरला सांगलीत पोलिसांच्या ताब्यात द्या. उद्यापासून त्याला गाडीची चावी मिळणार नाही. आणि ऋषिराज, माणसं खूश करून पाठव. ही शेवटची सहल ठरायला नको."

"होय साहेब," ऋषिराज म्हणाला. मग प्रवाशांकडे वळून माईकवर म्हणाला, "मंडळी, झालं ते दुर्दैवी आहे. पण शेवटच्या बेटावर आपली निराशा होणार नाही. संध्याकाळच्या वाऱ्यावर तिथे खरोखरच घंटेचा नाद येतो. आज तो येईलच."

येईलच. सुलाबाईंनी हा शब्द मनात दोनदा घोळवला. सकाळी हाच मुलगा "निर्मळ मन असेल तर" म्हणत होता. आता त्याला मनाची अटही नको होती.

गाडी नदीकाठी थांबली. पाणी घोट्याएवढंच होतं, दगडांवरून चालत बेटावर जाता येत होतं. काठावर रस्त्यालगत बांबूची दाटी होती आणि तिच्या सावलीत जयराजने चहाची चूल मांडली होती. जयराज स्वतः नव्हता. दूध आणायला गावात गेला असावा.

बेटावर म्हसोबाचं शेंदूर फासलेलं लहानसं ठाणं, एक उंबर आणि करंजाची झुडपं. बाकी वाळू आणि प्लास्टिकच्या बाटल्या.

"हेच ते?" शिवांजली म्हणाली. "ह्यासाठी एवढ्या लांब आलो आपण?"

"दाखव कुठे ठेवलीस ती!" पृथ्वीराजने धनाजीला पुढे घातलं.

धनाजी उंबराखाली हाताची घडी घालून उभा राहिला. बाकीच्यांनी झुडूप न् झुडूप उलटवलं, पाचोळा काठीने उकरला. रंगुबाई तर हातांनी वाळू उकरत होत्या.

"पुरं आता," सुलाबाई त्यांच्याजवळ बसल्या. "नखं तुटतील."

"बाई, सूर्य बघा कुठं गेलाय," रंगुबाई हळूच म्हणाल्या. "भाऊसोनं टेंपोवाल्याला सबुद दिलाय. त्याची बी चूक न्हाई. पर बाशिंग्याला मी बाटलीनं दूध पाजून वाढिवलाय वो."

सुलाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. सगळे खाली बघून शोधत होते. एकटा ऋषिराज शोधत नव्हता. म्हसोबाच्या ठाण्याजवळ उभा राहून तो उंबराच्या फांद्यांकडे टक लावून होता आणि मधूनच, वारा सुटला का, हे पाहत असल्यासारखा चेहरा वर करत होता.

वारा सुटला.

आणि घाटी वाजली.

४

टणण्. टणण्. टण्.

पाचोळा उकरणारे हात थांबले. शिवांजलीने नवऱ्याचा दंड धरला. एक म्हातारे गृहस्थ तर नकळत हात जोडून उभे राहिले.

"ऐका!" ऋषिराज दोन्ही हात पसरून ओरडला. "ऐका मंडळी! शतकानुशतकं बुडालेली ती घंटा…"

बोलता बोलता तो अडखळला, कारण आवाज ठाण्याकडून येत नव्हता. उंबरातून येत नव्हता. बेटावरून येतच नव्हता. तो सगळ्यांच्या पाठीमागून येत होता. ऋषिराज गर्रकन वळला. त्याच्याइतकं कुणीच दचकलं नव्हतं.

"कसली बुडालेली!" रंगुबाई उठून उभ्या राहिल्या. "ती माझी घाटी हाय. तिची एक कड चिरलीया, शेवटाला जरा फाटका आवाज येतो. ऐका की!"

टण्. खरंच, नाद शेवटी थोडा फाटत होता.

"काठावरून येतोय आवाज," पृथ्वीराज म्हणाला. मग तोच गोंधळला. "पण हा ड्रायव्हर तर इथे आहे. आपण सगळेच इथे आहोत."

"म्हणजे धनाजीने ती वाजवलेली नाही," सुलाबाई म्हणाल्या. "चला पाहू."

सगळे दगडांवरून परत निघाले. सुलाबाई वय झाल्यामुळे मागे राहिल्या, आणि त्यांना हात द्यायला ऋषिराज थांबला. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या दुसऱ्या हातात माईक होता, गळ्यात अडकवायच्या लहान स्पीकरसकट. माईकच्या बुडाशी, जिथे वायर सैल होऊन सकाळपासून खरखरत होती, तिथे काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. सुलाबाईंनी चष्मा सावरून पाहिलं.

हिरव्या काठाची चिंधी.

त्यांनी त्याचा हात सोडला नाही. उलट जास्तच घट्ट धरला, पाण्यातून पलीकडे जाईपर्यंत.

५

काठावर पोचले तेव्हा बांबू वाऱ्याने झुलत होते आणि आवाज त्यांच्यातूनच येत होता. जयराज दुधाची किटली घेऊन नुकताच आला होता. एवढी माणसं धावत आलेली पाहून तो गांगरला.

"चहा हुतोय, जरा दम धरा की," तो म्हणाला.

"चहा राहू दे, जयराज," सुलाबाई म्हणाल्या. "मला एका शब्दाचा अर्थ सांग. तुमच्या गावात बेट कशाला म्हणतात?"

जयराजला वाटलं, बाई थट्टा करतायत. "हे काय," त्याने बांबूंकडे बोट केलं. "हे बेट. बांबूचं बेट."

"आणि नदीतलं?"

"त्येला आमी म्हसोबा म्हन्तो. म्हसोबाला चाललो, म्हसोबावरनं आलो."

सुलाबाईंनी धनाजीकडे पाहिलं. "धनाजी, आता राग गिळ आणि सांग. तू बेटात काय ठेवलंस?"

"विळा, बाई," धनाजी म्हणाला. "काल उसाचा पाला काढला, तवा विळा उसाच्या बेटातच पाल्याखाली ठिवला. भाऊ विचारत हुता, कुठं हाय म्हणून."

"ऊस एका बुडातून फुटतो, तो सगळा झुबका म्हणजे उसाचं बेट," सुलाबाई पृथ्वीराजला म्हणाल्या, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं. "तुमच्या आजोबांनी हा शब्द हजारदा उच्चारला असेल. तुम्ही शब्द बरोबर ऐकलात. अर्थ मात्र सहलीच्या फलकावरचा लावलात."

पृथ्वीराजने मोबाईल खिशात घातला.

"आता घाटीचं बघू. चोराला ती विकायची असती, दिवाणखान्यात लावायची असती, तर ती मुकी होती हे बरंच होतं. लपवायला सोपी. पण ही वाजतेय. म्हणजे कुणीतरी तिच्या लोळीची चिंधी मुद्दाम सोडली. घाटी कुणाला हवी होती, हा प्रश्नच माझा चुकला होता. तिचा आवाज कुणाला हवा होता, असं विचारायला हवं होतं." त्या थांबल्या. "जयराज, ही घाटी तुला कुणी दिली?"

"गाईड सायबांनी," जयराज सरळ म्हणाला. "जेवणाच्या जागी. म्हनले, कार्यक्रमाची घंटा हाय, बेटात टांग, वाऱ्यानं वाजली पायजे. मी आल्या आल्या टांगली. का? काय चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही. तू बेटातच टांगलीस." सुलाबाई ऋषिराजकडे वळल्या. "आणि ह्याला अभिप्रेत होतं नदीतलं बेट. म्हणून आवाज पाठीमागून आला तेव्हा सगळ्यात जास्त हाच दचकला. आता तो माईक इकडे दे, बाळ."

ऋषिराजने माईक दिला नाही. तो तिथेच, चुलीजवळच्या दगडावर खाली बसला. त्याचं पुस्तकी बोलणं गळून पडलं.

"मला परत द्यायची होती आजींना," तो म्हणाला. "शपथ. गाडी निघताना म्हणणार होतो, सापडली. सगळे सकाळपासून शिव्या देत होते. साहेब म्हणाले, ही सहल आपटली की तू घरी बस. एकदा, फक्त एकदा ती घंटा खरंच वाजली असती, तर लोक म्हणाले असते, काहीतरी पाहिलं."

"आनि मला पोलिसात देताना तुजी जीभ कुटं गेलती रं?" धनाजी म्हणाला.

ऋषिराजने मान खाली घातली. बाकीच्यांचा आवाज चढायला लागला. आता द्या ह्याला पोलिसांत, मालकाला लावा फोन. शिवांजली सगळ्यांत मोठ्याने बोलत होती.

"गप बसा!" रंगुबाई कडाडल्या. "माझी घाटी, मी बघीन. आधी ती खाली काढा. सूर्य बुडाला की माझं काम संपलं."

जयराज बांबूत शिरला. तेवढ्यात जोराचा वारा आला आणि घाटी पुन्हा वाजली, टणण् टणण् टण्. बांधापलीकडून कुणीतरी हाक घातली, "आरं धरा त्येला! बाशिंग्या सुटला!"

रानातून एक दांडगा मेंढा बांध ओलांडून येत होता. कपाळावर पांढरा पट्टा. त्याच्या मागे काठी घेतलेला, धापा टाकणारा माणूस. भाऊसो. मेंढा सरळ बांबूच्या बेटाशी आला, थांबला आणि मान वर करून बघत राहिला. गळ्याशी, जिथे घाटीची दोरी असायची, तिथे लोकर घासून पातळ झालेली होती.

रंगुबाई त्याच्याजवळ गेल्या. त्याने हुंगलं आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसलं. जयराजने घाटी काढून आणली तेव्हा ती त्यांनी हातात घेतली नाही. बोटाने ऋषिराजला खुणावलं.

"तू बांध."

"मी? आजी, मला येत नाही."

"शिकवते. ये. शिंगाच्या मागनं दोरी घे. व्हय. आता गळ्याखालनं. तुझी दोन बोटं मावली पायजेत, तेवढी सैल. हां."

दोनदा गाठ सुटली, रंगुबाईंनी दोनदा पुन्हा दाखवली. सुलाबाई बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी अनेक शिक्षा दिल्या होत्या, पण यापेक्षा बरी त्यांना कधी सुचली नव्हती.

"वैनी, टेंपोवाल्याला नको म्हन्तो मग," भाऊसो म्हणाला.

"मग काय! आत्ताच लाव फोन. माझ्या म्होरं लाव."

त्याने फोन लावला. पृथ्वीराज धनाजीजवळ जाऊन उभा राहिला, घसा खाकरला. "मालकांना मी सांगतो फोन करून. तुमची काही चूक नव्हती म्हणून. माफ करा."

"सांगा. आनि पुढच्या खेपंला उसाच्या बेटात चला, सायेब," धनाजी म्हणाला. "तिथं तिकीट न्हाई आन् पिठलं गरम असतंय."

पहिल्यांदाच त्या दिवशी सगळे हसले.

बाशिंग्याने मान झटकली. घाटी वाजली. रानातला कळप उठला, एकामागून एक बांध उतरला आणि रस्त्यावर आला. मेंढा पुढे, मागे लोकरीचा ओघ, बाजूने भाऊसो आणि हातात काठी नसताना काठी असल्यासारख्या चालणाऱ्या रंगुबाई. रस्ता पार भरून गेला. बसला पुढे जाता येईना. कुणी हॉर्न वाजवा म्हणालं नाही.

सवयीने ऋषिराजने माईक तोंडाशी नेला. मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने वायरीवरची हिरवी चिंधी सोडली, तिची नीट घडी घातली आणि पळत जाऊन रंगुबाईंच्या हातात दिली. परत येऊन त्याने पुन्हा माईक धरला.

माईक खरखरला. त्याने तो बंद करून खिशात ठेवला आणि सगळ्यांबरोबर उभं राहून, घाटी लांब जाईपर्यंत ऐकत राहिला.